बारा होता, दहा झाला: डोक्याला मार लागलेल्या पेशंटची शुद्ध कशी तपासायची?

प्रश्न एका नव्या स्टाफ नर्सचा आहे. न्यूरो वॉर्डातल्या पेशंटचा जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध मोजायचे गुण) आधीच्या शिफ्टने १२ लिहिला होता, दोन तासांनी यांच्या तपासणीत १० आला. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी विचारलं, "खरंच उतरलाय, की तुमची मोजायची पद्धत वेगळी आहे?" यांना उत्तर देता आलं नाही. म्हणून विचारतात: हे नक्की तपासायचं कसं? आणि नातेवाईक "त्यांना ऐकू येतं का?" म्हणतात तेव्हा काय सांगायचं?

न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत माझी बरीच वर्षं गेली, आता नवीन मुलींना शिकवते. हा फोन मीही एकेकाळी केला आहे आणि असंच ऐकून घेतलं आहे. डॉक्टरांचा सूर कसा होता मला ठाऊक नाही, पण प्रश्न बरोबर होता. उत्तर देता आलं नाही याचा दोष मात्र एकट्या तुमचा नाही. चार्टवर नुसतं "१२" लिहून ठेवणाऱ्यांचा तो जास्त आहे.

१२ म्हणजे काय? ही तीन गुणांची बेरीज: ई म्हणजे डोळे उघडणं, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल. समजा आधीच्या सिस्टरना ई३ व्ही४ एम५ मिळाला होता. पेशंट हाक मारल्यावर डोळे उघडतो, वाक्यं बोलतो पण गोंधळलेली, आणि दुखवलं की हात बरोबर दुखऱ्या जागेकडे नेतो. आता तुमचा १० तीन प्रकारे येऊ शकतो. ई२ व्ही३ एम५ असेल तर पेशंट जास्त गुंगीत आहे. ते गंभीर असू शकतं, किंवा तुम्ही पहाटे चारला हळू आवाजात हाक मारली असेल. ई३ व्ही२ एम५ असेल तर फक्त बोलणंच गेलंय, म्हणजे भाषेच्या केंद्राजवळ काही वाढतंय का, हा विचार आधी मनात यायला हवा. आणि ई३ व्ही३ एम४ असेल, म्हणजे दुखऱ्या जागेकडे जाणारा हात आता नुसता मागे ओढला जातोय, तर फोनवर "सर, एम पाचावरून चारावर आलाय" एवढंच म्हणायचं. त्यावर तुमची पद्धत कुणी विचारणार नाही. बेरीज तिन्ही वेळा १०च, पण गोष्टी तीन वेगळ्या.

ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या न्यूरोसर्जननी १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये ही पद्धत मांडली. त्यांचा रोख तीन वर्तनं वेगवेगळी पाहून साध्या शब्दांत नोंदवण्यावर होता. तोवर "अर्धवट शुद्धीत", "गुंगीत", "ग्लानीत" असे शब्द जो तो आपापल्या अर्थाने वापरायचा. सुरुवातीला हालचालीच्या पायऱ्या पाचच होत्या, पुढे हात दुमडण्याचे दोन प्रकार वेगळे केल्यावर सहा झाल्या आणि एकूण १५ झाले. बेरीज सोयीची आहे. सीटी कधी, दुखापत सौम्य (१३ ते १५), मध्यम (९ ते १२) की गंभीर (८ किंवा कमी), हे ठरवायला ती लागते. पण खाटेजवळ उभं राहिल्यावर बेरजेचा उपयोग सगळ्यात कमी. आणि हो, तळाचा आकडा शून्य नसून ३ आहे. नातेवाईक "पंधरापैकी तीन तरी आहेत ना" म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. हात लावण्याआधी मिनिटभर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहा आणि नुसतं बघा. डोळे आपोआप उघडतात का, कुठला हात जास्त हलतो, नळी ओढायला कुठला हात जातो, श्वास कसा चाललाय. ही मिनिटभराची नजर खूप काही सांगते आणि पेशंटला दुखवावंही लागत नाही. त्याच वेळी तपासणीच्या आड येणाऱ्या गोष्टी शोधा: डोळे सुजून मिटलेत का, तोंडात श्वासाची नळी आहे का, झोपेचं किंवा स्नायू ढिले करणारं औषध चालू आहे का, पेशंटला कमी ऐकू येतं का, तुम्ही बोलता ती भाषा त्याला कळते का, मानेच्या मणक्याला मार आहे का. ऑक्सिजन, रक्तदाब आणि साखर पाहिल्याशिवाय जीसीएसवर विश्वास ठेवू नका. साखर खूप उतरलेला माणूस मेंदूत गाठ झालेल्यासारखाच पडून राहतो, आणि तो सलाइनमधून दिलेल्या ग्लुकोजने उठतो.

डोळ्यांसाठी क्रम पाळा. आधी काही नाही, मग नेहमीच्या आवाजात नाव, मग मोठ्याने नाव, आणि त्यानंतरच दाब. नव्या मुली बहुतेक वेळा हाक मारता मारताच खांदा हलवतात आणि "हाकेला डोळे उघडले" लिहितात. हाकेने उघडले की हलवल्याने, हे मग कुणालाच कळत नाही. डोळ्यांचा प्रतिसाद बघायला बोटावरच दाब द्यावा. भुवईखाली दाबलं की माणूस तोंड वाकडं करतो आणि डोळे उलट घट्ट मिटतो.

दाब कसा द्यायचा, तर पेनाच्या कडेने नखाच्या टोकाशी, हळूहळू वाढवत, साधारण दहा सेकंदांपर्यंत. एकदम नाही. प्रतिसाद मिळाला की लगेच सोडा. हालचाल बघताना मानेजवळचा खांद्याचा स्नायू बोटांच्या चिमटीत धरून दाबा, किंवा भुवईच्या हाडाखालच्या खाचेत अंगठा टेकवा. चेहऱ्याचं हाड मोडलेलं असेल किंवा डोळ्याला इजा असेल तर भुवईला हात लावायचा नाही. छातीच्या हाडावर मुठीने रगडणं अजून बऱ्याच ठिकाणी चालतं. मी ते करू देत नाही. काळेनिळे वळ उठतात आणि हाताची हालचाल कुठल्या पायरीत बसवायची तेही नीट ठरत नाही. २०१४ साली या पद्धतीची भाषा सुधारली तेव्हा "वेदना" हा शब्द जाऊन "दाब" आला. बदल छोटा, पण वॉर्डातली आडदांड हातघाई त्याने खरंच कमी झाली, असा माझा अनुभव आहे.

बोलण्यात तीन प्रश्न: नाव काय, आत्ता कुठे आहात, महिना कोणता. तिन्ही बरोबर आली तर ५. तारीख विचारू नका. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढले की तारीख मलाही सांगता येत नाही. इथे एक गंमत आहे. दर अर्ध्या तासाने तेच विचारलं की गोंधळलेला माणूसही उत्तरं पाठ करतो. एक सभ्य, हसतमुख गृहस्थ होते. नाव, हॉस्पिटल, महिना सगळं बरोबर सांगायचे, त्यामुळे लागोपाठ तीन शिफ्टमध्ये ५. मी उगीच विचारलं, "इथे कसे आलात?" म्हणाले, "आत्ताच तर चढलो. बॅग वर ठेवलीय, गाडी सुटेलच." कागदावर ५च राहतो, कारण नियम तीन प्रश्नांचा आहे. पण शेजारी एक ओळ लिहिली: "तीन प्रश्न बरोबर, बाकी प्रसंगाचं भान नाही." सकाळी डॉक्टरांनी आकडा सोडून ती ओळ वाचली.

वाक्यं बोलतो पण चुकीची, तर ४. सुटे शब्द, बहुतेकदा शिव्या किंवा कुणाचं तरी नाव, तर ३. नुसतं कण्हणं, २. तोंडात नळी असेल तर १ लिहू नका, "तपासता येत नाही" असंच लिहा. १ म्हणजे तपासलं आणि काही मिळालं नाही. तपासताच आलं नाही ही गोष्ट वेगळी. डोळे सुजून मिटले असतील तर त्यांनाही हेच लागू. नळीवरच्या पेशंटसाठी मेयो क्लिनिकमधल्या विजडिक्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली 'फोर स्कोअर' काढला. डोळे, हालचाल, मेंदूच्या खोडाच्या प्रतिक्रिया आणि श्वास, प्रत्येकी ० ते ४, एकूण १६. त्यात बोलणं लागतच नाही. तुमच्या युनिटमध्ये वापरत असतील तर जरूर शिका. अगदी लहान मुलांसाठी बोलण्याचा भाग बदललेला असतो, तो तक्ता वेगळा ठेवा.

खरा कस हालचालीचा लागतो. गंभीर दुखापतीत पुढचा अंदाज सगळ्यात जास्त याच भागावरून येतो आणि चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात. "हात दाबा" एवढंच म्हणून थांबू नका, "आता सोडा" हेही म्हणा. तळहातात बोटं ठेवली की तान्ह्या बाळासारखी मूठ आपोआप मिटते, मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसातही. सोडायला सांगितल्यावर सोडलं तरच आज्ञा पाळली, म्हणजे ६. त्याहून चांगलं म्हणजे "जीभ बाहेर काढा" किंवा "दोन बोटं दाखवा". हे उगीच योगायोगाने होत नाही.

आज्ञा पाळत नसेल तर खांद्याचा स्नायू दाबा आणि हाताकडे बघा. हात गळपट्टीच्या हाडाच्या वर, तुमच्या बोटांच्या दिशेने आला तर ५. आला नाही पण कोपरात दुमडला तर कसा दुमडला ते बघायचं. चटकन, अंगापासून दूर, दर वेळी थोडा वेगळा असेल तर ४. संथपणे, छातीवर आडवा येत, मनगट वळलेलं, अंगठा मुठीत दडलेला, पाय ताठ, आणि प्रत्येक वेळी हुबेहूब तस्साच असेल तर ३. कोपर सरळ ताठ होत असेल तर २. मी मुलींना सांगते की चेहऱ्याकडे बघू नका, अंगठ्याकडे बघा. चारात आणि तीनात फरक करताना माझी नजर आधी तिथे जाते.

दोन्ही बाजूंना प्रतिसाद वेगळा असेल तर स्कोअर चांगल्या बाजूचा, पण वाईट बाजू शेजारी लिहायची. "एम६, डावा हात कमी हलतो" ही नोंद नुसत्या एम६पेक्षा लाख मोलाची.

डोळ्यांच्या बाहुल्या जीसीएसमध्ये येत नाहीत, पण त्याशिवाय तपासणी अर्धीच. आकार मिलिमीटरमध्ये लिहा, "ठीक" असं नाही. प्रत्येक डोळ्यावर टॉर्च बाजूने आणा. मोतीबिंदूचं जुनं ऑपरेशन, डोळ्यात टाकलेले थेंब, काचेचा डोळा, हे सगळं आधी विचारून घ्या. काचेच्या डोळ्याची बाहुली प्रतिसाद देत नाही म्हणून धावपळ झालेली मी पाहिली आहे, आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. २०१८ साली टीसडेल आणि सहकाऱ्यांनी बाहुल्या हिशेबात घेतल्या: जितक्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, तितके गुण जीसीएसमधून वजा. त्यामुळे तो आकडा १पर्यंत खाली जाऊ शकतो.

मात्र बाहुली मोठी होण्याची वाट बघत बसू नका. तोवर मेंदूचा भाग खाली सरकून डोळ्याच्या नसेवर दाब आलेला असतो. रक्तदाब चढणं, नाडी मंदावणं आणि श्वास अनियमित होणं ही त्रयीही उशिराची. आधी बदलते ती शुद्ध. तेही नाट्यमय रीतीने नाही. माणूस थोडा चिडका होतो, पांघरूण ढकलतो, मग गप्प होतो, आणि आपण म्हणतो, झोपला बिचारा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळी, दुचाकीवरून पडलेला तरुण. संध्याकाळी १५, गप्पा मारत होता. कानशिलाजवळच्या हाडाला बारीक चीर होती. दोन वाजता डोकं फार दुखतंय म्हणाला, एकदा उलटी झाली, सलाइनची सुई उपसायला लागला. तीन वाजता घोरत होता. मी चार्टवर लिहिलं, "झोपला आहे." उठवलं नाही, कारण इतक्या वेळाने शांत झाला होता. साडेतीनला बरोबरच्या सीनियर सिस्टरने राउंड घेताना हाक मारली, मग नख दाबलं. हात दुमडला, डोळे उघडले नाहीत, उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये धमनीचं रक्त साचत होतं. सुरुवातीला काही तास माणूस अगदी बरा दिसतो, असं या दुखापतीत होऊ शकतं. वेळेवर ऑपरेशन झालं, मुलगा वाचला आणि चालत घरी गेला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर मी डोक्याच्या पेशंटच्या चार्टवर "झोपला आहे" कधीच लिहिलेलं नाही. उठवायचं, तपासायचं, मग झोपू द्यायचं. पेशंट चिडला तर उत्तमच, चिडणं हाही प्रतिसाद आहे.

किती वेळाने तपासायचं? ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या सूचना बहुतेकांना मान्य आहेत: १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने; १५ झाल्यावर दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाला, नंतर दर दोन तासांनी. पुन्हा उतरला की पुन्हा अर्ध्या तासावर. आणि कळवायचं केव्हा? एक गुण उतरून अर्धा तास तसाच राहिला तर. हालचालीचा एक गुण असेल तर जास्त गांभीर्याने. डोळे किंवा बोलणं यांत तीन, किंवा हालचालीत दोन उतरले तर थांबायचंच नाही. नव्याने चिडचिड, वाढती डोकेदुखी, थांबत नसलेली उलटी, बाहुल्यांत फरक, एका बाजूची ताकद कमी होणं, यांनाही आकड्याची वाट बघायची नाही.

"दारू प्यायलाय, उतरली की उठेल" हे वाक्य तुमच्या कानावर पडेलच. मेंदूला मोठी इजा नाही हे आधी ठरायला हवं, त्यानंतरच दोष दारूला द्यायचा. शिवाय उतरत जाणारी दारू माणसाला तासातासाने शहाणं करते. तुमचा पेशंट उलट दिशेने चाललाय तर कारण दुसरं आहे. तसंच "आठ आला की नळी" हा मंत्र. आठ म्हणजे श्वसनमार्ग धोक्यात असण्याची शक्यता मोठी, एवढंच. दहावर असून घशात रक्त घुटमळणारा पेशंट आठवाल्यापेक्षा आधी भूलतज्ज्ञांकडे जावा.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. "उतरलाय की पद्धत वेगळी" हे ठरवायची जागा हँडओव्हर आहे. जाणारी आणि येणारी, दोघींनी एकदा एकत्र तपासायचं. एकीने हाक मारायची, दाब द्यायचा. दुसरीने बघून स्वतःचा आकडा सांगायचा. जमला नाही तर तिथेच पुन्हा. दोन मिनिटं लागतात. मग तुमचा आणि आधीच्या सिस्टरचा १२ एकच असतो आणि दोन तासांनंतरचा १० तुमच्या पद्धतीवर ढकलता येत नाही. चार्टवर असं लिहा: "०४:००, ई२ नखावर दाब दिल्यावर, व्ही३ सुटे शब्द, एम५ उजवा हात खांद्यापर्यंत, डावा फक्त दुमडतो, बाहुल्या ३ आणि ३, दोन्ही चपळ, साखर पाहिली, झोपेचं औषध चालू नाही." फोनवर हेच वाचून दाखवायचं.

नातेवाईकांचा प्रश्न जास्त अवघड आहे. पहिल्या दिवसांत मी म्हणते, "ऐकू येतंय असं धरूनच आपण बोलू या." हे नुसतं सांत्वन नाही. डोळे उघडणं आणि भान असणं एक नव्हे. काही आठवड्यांनी डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्र सुरू होतं, पण समोरच्याची दखल दिसत नाही. उलटंही होतं. भान असतं, पण ते बाहेर दाखवायची वाट बंद असते. मेंदूच्या खोडाला इजा झालेला एखादा पेशंट पूर्ण शुद्धीत असून फक्त डोळे वरखाली हलवू शकतो, म्हणून "वर बघा" हे सांगून पाहिल्याशिवाय कुणालाही बेशुद्ध म्हणू नका. २००६ साली एड्रियन ओवेन यांच्या गटाने एका प्रतिसाद न देणाऱ्या तरुणीला एमआरआयमध्ये "टेनिस खेळताय अशी कल्पना करा" असं सांगितलं. निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग उजळतो तोच तिच्याही मेंदूत उजळला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या पेशंटपैकी चारांतल्या एकाच्या मेंदूने आज्ञा पाळल्याच्या खुणा दाखवल्या. ही साधनं आपल्या हाताशी नसतात. पण दीर्घकाळच्या पेशंटसाठी 'कोमा रिकव्हरी स्केल'ची २००४ची सुधारित आवृत्ती कागदावरच चालते. त्यात नजर आरशाच्या मागे फिरते का, हे बघतात. बोटापेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर जाते.

म्हणून नातेवाईकांना आकडे सांगत बसू नका, कामाला लावा. काय पाहिलं, किती वाजता, तुम्ही काय बोललात तेव्हा, हे त्यांना वहीत लिहायला सांगा. "हात दाबतात" म्हणाले तर "सोडायला सांगून पाहा" म्हणा. आणि पहिल्याच दिवशी विचारा: घरात कुठली भाषा बोलता, कुठल्या नावाने हाक मारता, चष्मा आहे का, ऐकू नीट येतं का. आमच्याकडे एक आजोबा होते, अकरा दिवस एम५वर अडकलेले. मुलगी भेटायला आली, पिशवीतून कानाचं मशीन काढून म्हणाली, "हे घरीच राहिलं होतं, लावू का?" लावलं, मी "जीभ दाखवा" म्हटलं, आणि त्यांनी दाखवली.